साखळी केव्हा मागवायची

हनीफभाई, काल नव्या सीझनचा पहिला सामना झाला आणि नव्या रेफरीने पहिल्या अर्धातच चार वेळा मोजायची साखळी मागवली. चार वेळा! त्यातल्या एकदा तर बॉल खांबाच्या हातभर पुढे होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी आम्ही तिघे वरात निघाल्यासारखे साखळी घेऊन मैदानात गेलो, मोजलं आणि परत आलो. तुम्ही असतात तर टोपी कपाळावर ओढून म्हणाला असतात, "अरे, खेळवायला आलंस का मोजायला?" मला आधी हसू आलं, मग लगेच रडू आलं, आणि हातात साखळी असली की डोळे पुसता येत नाहीत हे काल पहिल्यांदा कळलं.

तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले. कंपनीत, मशिदीत, आमच्या कॅम्पच्या मेसमध्ये सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. किती क्रेन उभ्या केल्यात, किती पोरांना कामाला लावलंत, ते सगळं बोलून झालं. मला ते लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते पुरं करायचं आहे. आणि तुम्ही असताना एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही, ती सांगायची आहे. भांडण आधी घेतो, कारण ते सोपं आहे.

या खेळात मला तुम्हीच ओढलंत. इथे सौदीत प्लांटच्या वाढीव बांधकामावर तुम्ही रिगिंगचे फोरमन होतात आणि मी सर्व्हेअर. तुमचे हात वर गेले की वीस टनांचा पाइप हवेत थांबायचा, बोट फिरलं की इंचाइंचाने खाली यायचा. मी दुर्बीण बाजूला ठेवून बघत बसायचो. एक दिवस माझ्याजवळ येऊन तुम्ही म्हणालात, "सुर्व्या, टेप धरताना तुझा हात कापत नाय. शुक्रवारी सकाळी काय करतंस?"

"झोपतो."

"सहा वाजता कॅम्पच्या गेटवर ये. चाय पाजतो."

मला वाटलं, रियाधच्या बत्हा बाजारात कोणी मित्र आलाय, गाडीत घालून तिकडे नेताय. तुम्ही नेलंत खोबर शहराबाहेरच्या एका कंपाउंडमध्ये. तिथे हिरव्या कृत्रिम गवतावर खांद्यांना फळ्या बांधलेले आणि डोक्याला शिरस्त्राण घातलेले बावीस लोक एकमेकांवर रेड्यांसारखे धावून जात होते. मी विचारलं, "हा फुटबॉल? पायाने तर कोणी मारतच नाही." तुम्ही इतके हसलात की चहा नाकात गेला. "माझा भाऊ गावाकडनं अजून विचारतो," तुम्ही म्हणालात, "हनीफ, तू गोल किती मारलेस? आता त्याला काय सांगू?"

हा अमेरिकन फुटबॉल तुम्ही मला चार वाक्यांत शिकवलात. बॉल ज्यांच्याकडे त्यांना चार संधी, चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं. गेले तर पुन्हा नव्या चार संधी, नाही गेले तर बॉल समोरच्यांना. संधीला म्हणायचं डाउन. दहा यार्ड मैदानावर दिसावेत म्हणून कडेला दोन खांब, आणि त्या दोघांमध्ये बरोब्बर दहा यार्डांची साखळी. मागचा खांब जिथून सुरुवात झाली तिथे, पुढचा खांब जिथे पोचायचं तिथे. "बाकी सगळी मारामारी," तुम्ही म्हणालात, "ती त्यांना करू दे. आपलं काम साखळी."

तुमचीही सुरुवात साखळीनेच झाली होती. कुणा अमेरिकन सुपरिंटेंडंटने तुम्हाला क्रेनला इशारे करताना पाहिलं आणि म्हणाला, ज्याचे हात दोनशे फुटांवरच्या क्रेनवाल्याला कळतात तो माणूस मैदानात पाहिजे. मग नियमांचं पुस्तक आलं. इंग्रजी तुम्हाला साइटपुरतं यायचं, तरी ते पुस्तक तुम्ही कुराणशरीफच्या खालच्या फळीवर, कापडात बांधून ठेवलं होतंत आणि रोज दोन पानं वाचायचात. भाभी म्हणायच्या, "आमच्या निकाहनाम्यावरनं पण यांनी इतक्या वेळा नजर नाय फिरवली." साखळीवाल्याचे तुम्ही लाइन्समन झालात, लाइन्समनचे रेफरी. डोक्यावर पांढरी टोपी आली. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावातला माणूस सहा फुटी टेक्सासवाल्यांना "नो!" म्हणायचा आणि ते मान खाली घालून परत जायचे. मला काय अभिमान वाटायचा! तोंडावर कधी बोललो नाही. तोंडावर मी भांडायचोच.

भांडण एकच होतं. बॉल पुढच्या खांबाच्या जवळपास थांबला, पोचला की नाही कळत नाही, तर मोजायचं केव्हा?

माझं म्हणणं साधं होतं: मोजायचं साधन आहे ना, मग मोजा. मी आयुष्यभर तेच करत आलोय. नजरेने कोणी खांब उभा केला तर मी त्याला साइटवर उभा करणार नाही. तुमचं म्हणणं, साखळी शेवटी. तुमचे नियम मला पाठ आहेत, कारण तुम्ही ते गाडी चालवताना एका हाताने स्टिअरिंग बडवत सांगायचात. सुरुवात जर आखलेल्या रेघेवरून झाली असेल तर दहा यार्डांनंतर पुन्हा रेघच येते, मग साखळी कशाला, जमिनीकडे बघ की. तुम्ही तर शक्य असेल तेव्हा नवी सुरुवात मुद्दामच रेघेवरून द्यायचात, पुढचं मोजमाप वाचावं म्हणून. दुसरा-तिसरा डाउन असेल आणि बॉल मूठभर मागे असेल, तर मोजून काय मिळणार, त्यांच्या हातात अजून संधी आहे, खेळू दे. चौथा डाउन असेल आणि खरंच कळत नसेल, तर मात्र मागव, कारण तिथे बॉल जायचा असतो. आणि कप्तानाने मागितलं म्हणून मोजायचं नाही. त्याने मागणं हा त्याचा हक्क नाही, ती त्याची विनंती आहे.

ते तर तुम्ही मला दाखवूनच दिलंत. मार्च संपत आला होता, सकाळी आठलाच गवत तापलं होतं. तो जाडा कप्तान आठवतो? दर दोन डाउननी हात वर करायचा, "मेजरमेंट, सर!" कमरेवर हात, जीभ बाहेर. तिसऱ्यांदा त्याने हात वर केला तेव्हा तुम्ही शांतपणे कडेला आलात, माझ्या पायाजवळची पाण्याची बाटली उचललीत आणि त्याच्या हातात नेऊन दिलीत. "वॉटर, यस. चेन, नो." सगळं मैदान हसलं, तोही हसला. परत येताना मला म्हणालात, "दम खायला मोजमाप नाय."

मी तरी कुठे ऐकणार. मी म्हणायचो, भाई, तुमचा सगळा खेळच अंदाजाचा आहे. माणूस पडला, त्याच्या अंगावर सहा जण पडले, आणि लाइन्समन धावत येऊन पाय टेकवतो, इथे थांबला म्हणून. तो पाय अंदाजाने टेकवायचा आणि मग त्या पायापासून साखळी इंचाने मोजायची, याला काय अर्थ आहे? आमच्या खात्यात असं केलं तर घरी पाठवतील.

त्यावर तुम्ही एकदा गाडी कडेला घेऊन थांबवलीत. रागाने नाही. नीट सांगायचं होतं म्हणून. "अंदाज माणसाचा असतो, सुर्व्या. म्हणून चुकला तर माणूस म्हणतो, माझा चुकला. साखळीला कोण विचारणार? तिला तोंड नाय." मी म्हटलं, तोंड नाही म्हणूनच ती खोटं बोलत नाही. तुम्ही मान हलवलीत आणि गाडी पुन्हा सुरू केलीत. त्या शुक्रवारी भाभींनी कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवतानाही आपण दोघं तेच बोलत होतो आणि शेवटी भाभींनी भाकरीचं ताट आपल्या मध्ये ठेवून म्हटलं, "आता ह्या कोणी मोजल्या तर बघा."

इथवर सगळं गोड आहे. आता दुसरी गोष्ट.

गेल्या मोसमाची फायनल. फैसलची टीम एका बाजूला. फैसल तुमचा लाडका, प्लांटमध्ये इंजिनिअर, गावातल्या सौदी पोरांना गोळा करून त्याने ती टीम उभी केली होती आणि पहिल्यांदाच फायनलला आणली होती. समोर अमेरिकन शिक्षकांची आणि इंजिनिअरांची जुनी टीम. शेवटची दोन मिनिटं, फैसलची टीम तीन गुणांनी पुढे, बॉल अमेरिकनांकडे. चौथा डाउन. घुसाघुशी झाली, ढीग पडला, तुम्ही शिट्टी मारलीत आणि एकेकाला बाजूला करत बॉल काढलात. तो जागेवर ठेवलात. मान उचलून कडेच्या खांबाकडे बघितलंत, पुन्हा बॉलकडे बघितलंत. मी तुमचा चेहरा बघत होतो. तुम्हाला कळलं होतं. अपुरा. तुमचा हात दुसऱ्या दिशेला वळायला लागला होता, बॉल फैसलच्या टीमला, म्हणजे सामना संपला.

आणि मी ओरडलो. "भाई, मोजा!"

साखळीवाल्याने तोंड उघडायचं नसतं. ते मला पहिल्याच दिवशी तुम्ही शिकवलं होतंत. आम्ही कडेला उभं राहायचं, कोणाच्या बाजूने टाळीसुद्धा वाजवायची नाही. पण इतक्या जवळचा बॉल, चौथा डाउन, फायनल, आणि हा माणूस नजरेने निकाल देतोय, हे माझ्याच्याने बघवेना. मराठीत ओरडलो, त्यामुळे बाकी कोणाला कळलं नाही. तुम्हाला कळलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण मला तो वेळ अजून दिसतो. मग तुम्ही हात खाली घेतलात आणि साखळी मागवलीत.

हे वाचणाऱ्या कोणाला माहीत नसेल म्हणून सांगतो. साखळी कडेवरून आत नेताना ती सरकू नये म्हणून तिला एक क्लिप असते. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते. साखळी लावली की जवळची एक रेघ धरायची आणि ती जिथे साखळीखालून जाते तिथे क्लिप लावायची. मग आत गेल्यावर लाइन्समन ती क्लिप त्याच रेघेवर धरतो आणि साखळी जशीच्या तशी उभी राहते. क्लिप लावायचं काम माझं. रेघ चार इंच रुंद असते, आणि नियम असा की क्लिप रेघेच्या मागच्या, म्हणजे सुरुवातीच्या खांबाकडच्या, कडेवर लावायची. मध्यावर नाही, पुढे नाही. मागच्या कडेवर.

आम्ही आत गेलो. लाइन्समनने क्लिप मागच्या कडेवर धरली, नियमाप्रमाणे. मागच्या खांबाने ताण दिला, पुढचा खांब खाली टेकला. तुम्ही गुडघ्यावर बसलात. बॉलचं नाक खांबाच्या एक बोट पुढे होतं.

एक बोट! तुम्ही उठलात, हात पुढे केलात, फर्स्ट डाउन, त्यांना नव्या चार संधी. दोन डावांत त्यांनी बॉल शेवटच्या रेघेपलीकडे नेला, टचडाउन, सहा गुण, आणि फैसलची टीम हरली. तुमचा चेहरा मी बघितलाच नाही. मी खूश होतो, हनीफभाई. लाज वाटते पण खरं ते लिहितो. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो, तेही फायनलमध्ये, सगळ्यांसमोर. गाडीत तुम्ही म्हणालात, "सुर्व्या, तू जिंकलंस. मना तो मागे दिसला होता. स्पष्ट दिसला होता." मी म्हटलं, "म्हणून तर साखळी असते, भाई." कॅम्पमध्ये जाऊन मी हा किस्सा मीठमसाला लावून सगळ्यांना सांगितला.

पुढच्या महिन्यात लीगच्या बैठकीत तुम्ही पांढरी टोपी टेबलावर ठेवलीत. "डोळा गेला. आता दुसरा माणूस बघा. खलास." सगळे नको नको म्हणाले. फैसल तर हात धरून बसला. मी तुमची थट्टा केली. म्हटलं, भाई रुसले, साखळीने हरवलं म्हणून रुसले. तुम्ही हसलात. तुम्ही रुसला नव्हतात. तुम्हाला खरंच वाटत होतं की आपली नजर गेली, आणि नजर गेलेल्या माणसाने शिट्टी धरू नये.

त्यानंतर आठवड्याभराने कोणीतरी ग्रुपवर फायनलचे फोटो टाकले. एका फोटोत फैसल पाणी पितोय आणि त्याच्यामागे मी वाकून क्लिप लावतोय. तोच डाव, तीच रेघ. मी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. क्लिप रेघेच्या मध्यावर होती.

बावीस वर्षं मी रेघेचा मध्य पकडत आलोय. रस्त्याची मध्यरेषा, पाइपची मध्यरेषा, खांबाचा मध्य. सर्व्हेअरचा हात रेघ दिसली की आपोआप मध्यावर जातो. पाच मोसम मी आठवणीने हात मागे ओढत होतो, आणि त्या दिवशी घाईत, घामात, हात आपल्या जागी गेला. चार इंचांच्या रेघेचा मध्य, म्हणजे दोन इंचांचा फरक. लाइन्समनने ती क्लिप दोन इंच मागे धरली, त्यामुळे पुढचा खांबही दोन इंच मागे आला. एक बोट पुढे दिसलेला बॉल खरा दोन बोटं मागे होता. अपुरा. तुम्हाला जसा दिसला तसाच.

मी तेव्हाच फोन उचलायला हवा होता. उचलला नाही. आधी वाटलं, समोरासमोर सांगू. मग समोर आलो तर तुम्ही मजेत दिसलात. मग वाटलं, टोपी तर ठेवलीच आहे, आता सांगून काय. हे सगळे बहाणे होते. खरी गोष्ट एवढीच की मला जिंकलेलं भांडण हरायचं नव्हतं.

आणि तुम्ही विचारलंतही. जुलैत, प्लांटवरून येताना, एसी लावलेल्या गाडीत, रस्त्याकडे बघत. "सुर्व्या, त्या दिवशी क्लिप खय लावली होतीस?"

मी म्हटलं, "जिथे लावतो तिथेच."

"बरं," तुम्ही म्हणालात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. जो माणूस टेक्सासच्या कप्तानाचं ऐकत नव्हता, त्याने माझा शब्द तसाच ठेवून घेतला. तुम्हाला शंका होती, भाई, म्हणून तर विचारलंत. बॉलच्या बाबतीत शंका आली असती तर तुम्ही साखळी मागवली असती. माझ्या बाबतीत मागवली नाहीत.

मग ऑक्टोबरमध्ये त्या मंगळवारी तुम्ही दुपारी जेवून उठलात आणि बसलात, आणि पुन्हा उठला नाहीत. दफनाला मी कबरस्तानच्या फाटकापाशी उभा होतो. फैसल आत माती देऊन आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून रडला. त्याच्या टीमची फायनल मी घालवली होती, आणि तो माझं सांत्वन करत होता.

म्हणून काल सामन्याआधी मी फैसलला बाजूला घेतलं, त्याला फोटो दाखवला आणि सांगितलं. हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, शेवटी जमिनीवर बोटाने रेघ काढून दाखवली. तो बघत राहिला. मग म्हणाला, "दोन इंच? हबीबी, त्यानंतर आम्ही त्यांना दोन डावांत टचडाउन दिला. ते दोन इंच तुझे, बाकीचे वीस यार्ड आमचे." आणि हसला. साखळीवाल्यांनाही सांगितलं. नवा रेफरी म्हणाला, बरं झालं सांगितलंस, यापुढे क्लिप मी स्वतः तपासीन. बहुतेक म्हणूनच त्याने चार वेळा साखळी मागवली.

इतक्या सहज सगळ्यांनी सोडून दिलं की मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण ज्यांना सांगायचं ते माफ करणाऱ्यांत नव्हते.

सामन्यानंतर सवयीने गाडी तुमच्या घराकडे वळली. भाभींची इद्दत चालू आहे, अजून काही महिने त्या परक्या पुरुषासमोर येणार नाहीत, म्हणून मी आत जाणार नव्हतो. दार तुमच्या धाकट्या मेहुण्याने उघडलं, त्याने आतल्या खोलीचा पडदा ओढला आणि मला बाहेरच्या खोलीत बसवलं. भाभी पडद्याआडून बोलल्या. मी म्हटलं, "भाभी, एक सांगायचंय. फायनलला भाईंची नजर चुकली नव्हती. चूक माझी होती." आणि सगळं सांगितलं. क्लिप, रेघ, फोटो, जुलैतला प्रश्न, माझं उत्तर. काहीही गाळलं नाही.

मेहुणा जमिनीकडे बघत होता.

मग भाभी म्हणाल्या, "एप्रिलमध्ये ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. दोनदा. डॉक्टर म्हणाला, तुमचे डोळे जवान माणसासारखे हायेत. काही नाय झालेलं. घरी येऊन मना म्हणाले, डॉक्टरला काय कळतं."

मी फोटो उघडलेला फोन पालथा ठेवला.

"डॉक्टरवर विश्वास नाय ठेवला, सुर्वेभाई. तुमच्यावर ठेवला."

हे त्या रागाने म्हणाल्या का, ते मला आवाजावरून कळलं नाही. थोड्या वेळाने त्याच सांगू लागल्या. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा यंदा शुक्रवार त्यांचा होता; एरवी मोसम संपला तरी शुक्रवारी तुम्ही नव्या पोरांना नियम शिकवायला जायचात. संध्याकाळी ऊन उतरलं की तुम्ही त्यांना समुद्रकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर, फिरायला न्यायचात. चालता चालता विचारायचात, त्या समोरच्या बाकापर्यंत किती पावलं? त्या म्हणायच्या, मना काय ठावं. तुम्ही आकडा सांगायचात आणि मग दोघं मिळून पावलं मोजत जायचात. "बरोबर यायचं. दर वेळी बरोबर यायचं," भाभी म्हणाल्या. "मी म्हणायची, बघा, आलं ना बरोबर? तर म्हणायचे, बाक हलत नाय, रुबीना. बाकाचं काय." आणि त्या रडायला लागल्या. मीही रडलो. मेहुण्याने दोघांनाही पाणी आणून दिलं, पडद्याच्या आत एक ग्लास, बाहेर एक.

निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही चुकलात. पण मना तेवढे शुक्रवार मिळाले. मी तुम्हाला काय बोलू, मना कळत नाय."

मलाही कळत नाही. ते शुक्रवार माझ्या चुकीने त्यांना मिळाले म्हणून चूक कमी होत नाही, आणि चूक मोठी आहे म्हणून ते शुक्रवार खोटे होत नाहीत. तुम्ही असतात तर यातून काहीतरी सोपं सांगितलं असतंत.

भांडणाचं मात्र आता मी सांगू शकतो. ते तुम्ही जिंकलात. त्या दिवशी मोजायची गरज नव्हती, कारण शंका तुम्हाला नव्हतीच. शंका मला होती. माझ्या शंकेसाठी तुम्ही साखळी मागवलीत, आणि साखळीने जे सांगितलं ते माझा माणूस सांगतोय म्हणून खरं मानलंत.

हनीफभाई, बॉल दोन बोटं मागे होता. तुम्ही बरोबर बघितलं होतंत.